पट्टा पडायच्या आत मैदान उघडा

कराड, वाळवा, शिरोळ, माळशिरस, इंदापूर आणि जिथे जिथे कारखान्याचं धुराडं सध्या रात्रंदिवस चालू आहे त्या प्रत्येक गावच्या लोकहो, हे आवाहन तुम्हाला आहे. गळीत हंगाम ऐन भरात आला आहे. दिवाळी आटोपली तशी आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीला माणसं आली. त्यांच्या मांडीवर, कडेवर, बोचक्यांच्या फटीत बसून त्यांची मुलंही आली. तुमच्या गावाच्या वेशीबाहेर, माळावर, कालव्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या आहेत. मार्चमध्ये एकेका कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे गाळप थांबेल. काही कारखाने तर हल्ली फेब्रुवारीतच थंडावतात. मग ही मुलं आली तशी निघून जातील. तुमच्या हातात थोडेच आठवडे उरलेत. म्हणून मागणं एकच आहे. येत्या १५ जानेवारीला तुमच्या गावचं मैदान या मुलांसाठी उघडा. एक दिवस त्यांचा क्रीडादिन भरवा. आणि त्यात तुमची स्वतःची मुलंही उतरवा, त्यांच्याच संघात.

आधी या मुलांचा दिवस कसा जातो ते बघा. पहाटे तीन-चारला बाया उठतात. तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या होतात. अंधारातच टोळी फडाकडे निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला की खाडा पडतो, उचलीतली फेड मागे राहते. त्यामुळे आई फडात, बाप फडात. पोर तान्हं असेल तर बांधावर झोळीत. चालतं असेल तर पाचटाच्या ढिगाशेजारी. सात-आठ वर्षांचं झालं की ते कोपीवर मागे राहतं आणि धाकट्याला सांभाळतं. आजूबाजूला काय असतं? दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. कठडा नसलेली विहीर असते. वाहता कालवा असतो. पाचटात साप असतात. दर हंगामात ट्रॉलीखाली सापडलेल्या, विहिरीत पडलेल्या लहानग्याची बातमी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येतेच. आपण ती वाचतो, हळहळतो. या हंगामात ती तुमच्या गावची असू नये.

तुम्ही ते टाळू शकता. तुम्हाला ही रानं पायाखालची आहेत. कुठली विहीर उघडी आहे, कुठल्या वळणावर ट्रॅक्टर दिसत नाही, कुठल्या कोप्या रस्त्याला अगदी खेटून आहेत, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळणार नाही, तुम्हाला कळतं. क्रीडादिनाच्या तयारीसाठी तुम्ही एकदा कोप्यांवर फिरलात की ही पोरं तुम्हाला तोंडओळखीची होतील. ओळखीचं पोर विहिरीच्या काठाशी दिसलं की माणूस गाडी थांबवतो. अनोळखी पोराकडे लक्षच जात नाही. खेळाच्या आधीचं हे काम खेळाइतकंच मोलाचं आहे. ते याच आठवड्यात सुरू करा.

एक गोष्ट जवळ जाऊन बघा. कोपीपुढे खेळ चालू असेल तर तिथे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी हमखास कडेला उभी दिसेल. तिच्या कमरेवर वर्षा-दीड वर्षाचं भावंड असतं. ती एका बाजूला कललेली असते, कारण तेवढं वजन ती दिवसभर त्याच कमरेवर वागवते. बाकीची पोरं टायर पळवतात, दगडांनी लगोरी मांडतात. ती डोळ्यांनी खेळते. मध्येच एखादा दगड पायाने सरकवून देते, कोण बाद झालं ते ओरडून सांगते. नियम तिला सगळे पाठ असतात. पण ती धावत नाही. भावंडाला खाली ठेवलं तर ते रांगत चुलीकडे जाईल, रस्त्याकडे जाईल, हे तिला आईने बजावलेलं असतं, आणि तिने ते मनावर घेतलेलं असतं.

तुम्ही मैदान उघडलं, शिट्टी वाजवली, खाऊ ठेवला, तरी ही मुलगी येणार नाही. आली तरी कडेलाच उभी राहील. म्हणून क्रीडादिनाचं पहिलं काम मैदानावर नाही, मैदानाच्या बाजूला आहे. तिथे सावलीत सतरंज्या अंथरा. दोन झोळ्या बांधा. गावातल्या चार बायका, अंगणवाडीच्या ताई, आशाताई यांना दिवसभर तिथे बसायची विनंती करा. आपापल्या नातवंडांना वाढवलेल्या आज्यांना बोलवा. त्या मुलीच्या कमरेवरचं पोर आधी आपल्या कडेवर घ्या. ते रडेल, थोडा वेळ लागेल, लागू द्या. मग तिला सांगा, जा, धाव. गावात हा एवढा एक बदल जरी झाला तरी १५ जानेवारी कारणी लागली म्हणा. हे पाळणाघर नसेल तर क्रीडादिन भरवूच नका, कारण मग तो फक्त मोकळ्या हातांच्या मुलग्यांचा होईल.

आता शाळेचं. एके काळी कारखान्याच्या आवारात साखरशाळा भरायच्या. १९९०च्या दशकात त्या सुरू झाल्या, हंगामापुरत्या, याच मुलांसाठी. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल नेहमीच्याच शाळेत बसलं पाहिजे असं ठरलं आणि साखरशाळा हळूहळू मिटल्या. गावाकडे हंगामी वसतिगृहं सुरू झाली, मुलं मागे ठेवायची सोय झाली. हेतू चांगलाच होता. पण ज्यांना धाकटं सांभाळायचं आहे, ज्यांच्यामागे गावाकडे आजी-आजोबा नाहीत, ज्या वयात आलेल्या मुलींना एकटं सोडायला आई धजत नाही, ती मुलं आजही ट्रकमध्ये चढतात. इथे येतात तेव्हा तुमची जिल्हा परिषदेची शाळा कोपीपासून दीड-दोन किलोमीटरवर असते. अंतर फार नाही. पण त्या शाळेत त्यांना कोणी ओळखत नाही. कपडे मळके, पाय अनवाणी, बोलीचा हेल वेगळा. वर्गाच्या दारापर्यंत येऊन परत फिरणारी मुलं शिक्षकांनी पाहिली आहेत.

म्हणूनच मैदान. वर्गाच्या दारात बिचकणारं मूल मैदानावर बिचकत नाही. तिथे त्याला वाचता येतं की नाही हे कोणी विचारत नाही. लंगडी त्याला येते. कबड्डी येते. उसाच्या सरींतून उड्या मारत, वाढ्याच्या पेंड्या वाहत त्याचे पाय तयार झालेले असतात, आणि तुमच्या गावातल्या चांगल्या चांगल्या पोरांना ते मागे टाकेल. टाकू द्या. एकदा शाळेच्या पटांगणात त्याच्या नावाने टाळ्या पडल्या की ते पटांगण त्याला परकं राहत नाही. त्याच पटांगणाला लागून वर्ग आहेत. दुसऱ्या दिवशी तिथे यायला त्याला कोणाचा हात धरावा लागणार नाही. शिक्षकहो, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून तुम्ही किती हंगाम खंत करता आहात! हा मार्ग एकदा वापरून बघा.

१५ जानेवारीच का? ती खाशाबा जाधवांची जयंती आहे आणि आपल्या राज्याने तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. खाशाबा कराडशेजारच्या गोळेश्वरचे, १९२६ सालचा जन्म. १९४८ मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. पण तिथे जायलाच पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी जमवावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण! पदक घेऊन खाशाबा परत आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आज त्याच कराडच्या परिसरात ऊस भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या फाटकापाशी रांगेत उभ्या असतात, आणि दमलेली पोरं गाडीखाली पाचटावर झोपलेली असतात. ज्या मुलखाने एका पोरासाठी घर गहाण टाकलं, त्या मुलखाकडे या पोरांसाठी एक दिवस मागायला संकोच वाटत नाही. तुम्ही खर्डेकरांच्या मुलखातले आहात.

खाशाबांचा दिवस संक्रांतीच्या सुमारासच येतो. घरोघरी तिळगूळ केलेला असतो. वेगळं काही करायला नको. त्यातलाच चार मुठी जास्त करा.

आता तयारीचं बोलू. सगळ्यात आधी मुकादमाला आणि टोळीला भेटा. त्यांना टाळून काही करू नका. आपल्या मुलांना कोण, कुठे, कशाला नेतंय ही भीती त्या आईबापांना असते आणि ती खरी आहे, परमुलखात आहेत ते. संध्याकाळी टोळी कोपीवर परतते तेव्हा जा. सरपंच, मुख्याध्यापक आणि गावातली एखादी वडीलधारी बाई बरोबर असू द्या. चुलीपाशी बसा, चहा दिला तर प्या, मग विषय काढा. प्रत्येक मुलाचं नाव, वय, आईचं नाव, मूळ गाव लिहून घ्या. कोण नेणार आणि किती वाजता परत आणून सोडणार, हे सांगा आणि ते तंतोतंत पाळा. मुलांना आणायला उसाची ट्रॉली वापरू नका. तुमच्या शाळेची गाडी, जीप, टेम्पो ट्रॅव्हलर, जे असेल ते द्या. प्रत्येक गाडीत दोन मोठी माणसं हवीत, त्यात एक बाई.

आणि आयांचं काय? मुलीला धावताना बघायचं कोणत्या आईला नको असतं? पण खाडा पडणार असेल तर ती येणार नाही, आणि तिला तसा आग्रह करणंही अन्यायाचं होईल. तेव्हा कारखान्याच्या संचालकांनो, शेतकी अधिकाऱ्यांनो, चिटबॉय म्हणून फडावर जाणाऱ्या तरुणांनो, इथे तुमचं काम आहे. त्या दिवशीची तोड अशी लावा की दुपारनंतर टोळीला हात मोकळे होतील. कोणाचा खाडा धरू नका, मुकादमालाही धरू देऊ नका. शेवटच्या शर्यती चारच्या सुमाराला ठेवा. शेतकऱ्यांनो, तुमचा ऊस एक दिवस उशिरा गेला तर काय बिघडेल? वजनात थोडी घट येईल, मान्य आहे. पण जे हात तुमचा ऊस तोडतात त्यांच्या पोरांसाठी तेवढं सोसा.

मैदान आदल्या दिवशी झाडून घ्या. नीट, हाताने वेचून. ही मुलं अनवाणी धावणार आहेत. काचा, बाभळीचे काटे, बाटल्यांची बुचं, काही राहता कामा नये. युवक मंडळांनी हे आपल्या अंगावर घ्यावं. पिण्याच्या पाण्याचे दोन तरी बॅरल सावलीत ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून एक नर्स बोलवा. ती खरचटलं-लागलं बघेलच, शिवाय लस राहून गेलेली मुलंही तिला तिथेच सापडतील, कारण गाव सुटलं की लसीच्या तारखाही सुटतात. मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं, धुतलेलं आणि पाणी असलेलं हवं. हे लिहावं लागतं, कारण शाळेच्या स्वच्छतागृहांना बरेचदा कुलूप असतं. कुलूप काढा.

खेळ आपलेच ठेवा. लंगडी, खो-खो, कबड्डी, रस्सीखेच, पोत्यात पाय घालून शर्यत, लिंबू-चमचा, पन्नास मीटर धावणं. ज्याला साधन लागतं, शिकवणी लागते असा एकही खेळ घेऊ नका. संघ पाडताना मात्र फार जपा. कोपीवरची विरुद्ध गावातली असा सामना चुकूनही लावू नका. एक पोर इकडचं, एक तिकडचं, असं मिसळून संघ करा. खो-खोच्या पाटीवर एकमेकांशेजारी पाठमोरं बसायचं, खो देताना पाठीवर थाप मारायची. स्पर्श होतो, नाव कळतं, नावाने हाक जाते. महिनोन् महिने एकाच शिवारात राहून जे होत नाही ते अर्ध्या तासात होतं. वयाचे गट जन्मदाखल्यावरून करता येणार नाहीत, बऱ्याच जणांकडे तो नसतो, असला तर गावाकडच्या पेटीत असतो. उंची बघून गट पाडा. हरला तो घरी, असं बाद करत जाणाऱ्या फेऱ्या ठेवू नका. ज्या मुलाच्या वाट्याला वर्षात एकच क्रीडादिन येणार, त्याला पहिल्या दहा सेकंदांत बाहेर बसवायचं? प्रत्येकाला किमान तीन-चार वेळा मैदानात उतरायला मिळालं पाहिजे. नावं घेऊन पुकारा. लाऊडस्पीकरवर आपलं नाव ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायला तुम्ही स्वतः हजर राहा.

बक्षिसांचं थोडं. प्लास्टिकचे चषक आणू नका. कोपीत चषक ठेवायला फळी नसते आणि पट्टा पडला की बोचक्यात त्याला जागा नसते. बूट द्या, साधे कॅनव्हासचे. पहिल्या आलेल्यालाच नव्हे, सगळ्यांना. यादी करायला जाल तेव्हा प्रत्येक मुलाचं पाऊल वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्या आणि त्यावर नाव लिहा. तेच कागद घेऊन दुकानात जा. मापाचा बूट मिळालेलं मूल तो घालतं, बिनमापाचा दोन दिवसांत विकला जातो किंवा चुलीत जातो. जुने, फाटलेले, एकाच पायाचे बूट घरातून काढून देऊ नका. जेवण साधं आणि पोटभर ठेवा: भाकरी, पिठलं किंवा उसळ, गुळाचा शिरा, एकेक केळं. पंगत एकच. तुमची मुलंही त्याच पंगतीत जेवतील.

देणग्यांचे फलक लावू नका. 'गरीब मुलांसाठी' असं कुठेही लिहू नका. मुलांना वाचता येतं, नाही आलं तरी कळतं. मोबाईल खिशात ठेवा. लेकराच्या हातात बुटाचा खोका देऊन चार पुढाऱ्यांनी काढलेला फोटो गटागटांवर फिरला की त्या लेकराचा दिवस त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना भाषणाला उभं करू नका, वेळ मोजायला घड्याळ द्या, अंतिम रेषेवर दोरी धरायला लावा.

हे इतक्या तळमळीने सांगायचं कारण आहे. या मुलांचं बालपण फार लवकर संपतं. बारा-तेराचा मुलगा झाला की तो हळूहळू मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करू लागतो. पुढच्या हंगामात त्याला अर्धा कोयता म्हणतात. मुलगी तेवढी झाली की आईच्या पोटात गोळा येतो. कोपीला दार नाही, नुसता पडदा. मागे गावाकडे ठेवावी तर तिथे कोण बघणार? मग स्थळ बघितलं जातं. लग्न झालं की नवरा-बायकोचा एक नवा कोयता होतो आणि त्यावर नवी उचल मिळते. बालविवाहांच्या बाबतीत बीड जिल्हा राज्यात वरच्या जिल्ह्यांत मोडतो, त्यामागे हे आईबापांचं भय आहे, त्यांची निष्ठुरता नाही. ती आईसुद्धा अशीच कोपीत आली होती, अशीच कडेवर भावंडं घेऊन उभी राहिली होती. आपल्या मुलीने ते भोगू नये असं तिला मनापासून वाटतं. तिला फक्त कोणीतरी सांगायला हवं की तुझी मुलगी शाळेत सुरक्षित राहील, आम्ही आहोत. ते कोणीतरी तुम्ही आहात.

बीड जिल्ह्यातल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हाला ठाऊक असेल. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब, हा पळत जायचा. तोच मुलगा ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आला, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. त्याच आष्टीतून तुमच्या फडावर टोळ्या येतात. तुमच्या मैदानावर दुसरा साबळे सापडेलही. शिक्षकांच्या नजरेला तसं पोर पडलं तर त्याला सोडू नका, तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना कळवा, त्याच्या गावाकडच्या शाळेला कळवा. पण खेळायला मिळण्यासाठी साबळे व्हावं लागता कामा नये. शेवटून पहिला येणाऱ्या मुलाचाही मैदानावर तेवढाच हक्क आहे. मुलांना खेळण्याचा हक्क आहे असं सांगणारा जागतिक बालहक्क करार आपल्या देशाने १९९२ मध्येच मान्य केला. शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलंच पाहिजे, असं आपला शिक्षण हक्क कायदाही सांगतो. तेव्हा तुम्ही १५ तारखेला कोणावर उपकार करणार नाही आहात. त्यांचं त्यांना देणार आहात.

आणि खरी परीक्षा १६ तारखेची आहे. १५ ला मैदान गजबजेल याची खात्री आहे, मराठी गावाला कार्यक्रम भरवता येतो. १६ ला सकाळी कोण उठणार? त्या सकाळी तीच गाडी, तेच दोन मोठे लोक, तीच यादी घेऊन पुन्हा कोप्यांवर जा. मुलांना शाळेत आणा. मुख्याध्यापकांनी दाखला मागून कोणाला परत पाठवू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होतो म्हणून अडवता येत नाही. वर्ष अर्ध्यावर आलं, हे कारणही चालत नाही. मूल वयाप्रमाणे त्या वर्गात बसलं पाहिजे. हे सगळं कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, ते पालकांच्या वतीने तुम्ही बोला, कारण त्यांना ते ठाऊक नाही आणि ठाऊक असलं तरी पहाटे चारला फडावर गेलेल्या बापाला अकरा वाजता शाळेत येऊन भांडता येणार नाही. पाळणाघराची ती सतरंजी उचलून ठेवू नका. अंगणवाडीत धाकट्याची सोय झाली तरच थोरली वर्गात बसेल. आणि मूल जाताना त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे गावाकडच्या शाळेत त्याचं इथलं शिक्षण धरलं जाईल.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनो, तुमची गावं याच पट्ट्यात आहेत. संक्रांतीला गावी जाल तर परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. जाता येत नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा आणि पाच जोड बूट, दहा किलो गूळ, एका गाडीचं डिझेल, जे झेपेल ते विचारून पाठवा. माजी खेळाडूंनो, शिट्टी घेऊन या. डॉक्टरांनो, दवाखाना एक दिवस बंद ठेवा. मुलांनो, तुमचं दप्तर एक दिवस घरी राहू द्या आणि नव्या दोस्तांना खो द्यायला या.

पंचायतीची बैठक बोलवायची वाट बघू नका. आज रात्री शेजारच्या चार घरांत बोला. उद्या संध्याकाळी टोळी परतली की वही, पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन जवळच्या कोप्यांवर जा. मुलांची नावं लिहा. पावलं आखा. तान्हं कोणाकोणाच्या कमरेवर आहे ते टिपून घ्या. परवा शाळेत आणि कारखान्याच्या शेतकी विभागात ती यादी ठेवा आणि १५ जानेवारी पक्की करून टाका. पट्टा पडल्यावर कोप्या उठतील आणि माळावर नुसते चुलीचे दगड राहतील. त्या आधी जा.